फर्मी पृष्ठभागावरचे खोटे खड्डे

फर्मी पृष्ठभाग म्हणजे धातूतल्या भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन अवस्थांमधली सीमा; सुपरकंडक्टिंग गॅप म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमल्यावर तिथे उघडणारी ऊर्जेची फट. या गॅपने रंगवलेला फर्मी पृष्ठभाग पडद्यावर आला की सगळ्यात आधी निळे, म्हणजे शून्याजवळच्या गॅपचे, डाग शोधावेत. मॅग्नेशियम डायबोराइडमध्ये (39 केल्विनखाली सुपरकंडक्टर, हा गुण 2001 मध्ये सापडला) गॅप कुठेच शून्य होत नाही. तरी चित्रात ती शून्याकडे घसरलेली दिसली, तर बहुतेकदा दोष ग्रिडचा, म्हणजे ज्या ठरावीक बिंदूंवर गणित केलं त्यांच्या जाळीचा, असतो.

गॅपचं गणित करणारा ईपीडब्ल्यू हा प्रोग्रॅम फर्मी पातळीच्या दोन्ही बाजूंना 'एफएसथिक' (fsthick, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये दिलेली रुंदी) एवढ्या पट्ट्यातल्याच अवस्थांची गॅप काढतो. पट्ट्याबाहेरच्या बिंदूंवर फाइलीत सरळ शून्य जातं. चित्र काढणारा फर्मीसर्फर मात्र पृष्ठभागावरचा रंग शेजारच्या ग्रिडबिंदूंवरून ठरवतो. ग्रिडच्या एका घनाचा एक कोपरा जरी पट्ट्याबाहेर गेला, तरी त्याचं शून्य सरासरीत मिसळतं आणि खड्डा पडतो.

हिशेब कागदावर होतो. डायबोराइडच्या स्फटिकाची पायाची लांबी a 3.086 अँगस्ट्रॉम, म्हणजे व्यस्त जालकाचा (ग्रिड ज्या अवकाशात असते त्याचा) सदिश b1 साधारण 2.35 प्रति अँगस्ट्रॉम. प्रत्येक दिशेला 60 बिंदूंच्या ग्रिडवर एक पाऊल 0.039. फर्मी पातळीवरच्या इलेक्ट्रॉनांचा वेग सेकंदाला 5 लाख मीटर धरला, तर एका पावलात ऊर्जा सुमारे 0.13 इलेक्ट्रॉनव्होल्टने बदलते. 30 च्या ग्रिडवर तीच 0.26. तिथे एफएसथिक 0.2 ठेवलं तर खड्डे पडणारच. घनाचा कर्ण पावलापेक्षा लांब असतो, म्हणून मी दुप्पट मोकळीक ठेवा म्हणेन: 60 वर 0.3 ते 0.4. मेमरी जास्त लागते, पण पुण्यात पाषाणला आयसरच्या परम ब्रह्मसारख्या सुपरकॉम्प्युटरवर काम करणाऱ्याने इथे काटकसर करू नये. फर्मीसर्फरमधला 'इंटरपोल रेशो' (मधले बिंदू भरण्याचं प्रमाण) वाढवून खड्डा जात नाही, फक्त गुळगुळीत होतो. मग तो खराच वाटायला लागतो, आणि हे जास्त वाईट.

फाइल स्वतः लिहिणार असाल तर क्रम सांभाळा. फर्मीसर्फरच्या एफआरएमएसएफ फाइलीत तिसरा निर्देशांक सर्वांत जलद फिरतो, फोरट्रानच्या अ‍ॅरेत पहिला. 60×60×60 ला उलटसुलट झालं तरी एकही एरर येत नाही. ओळखायची खूण: गॅमा-ए या उभ्या रेषेभोवती उभी असायला हवीत ती सिग्मा नळकांडी (बोरॉनच्या सिग्मा बंधांतल्या इलेक्ट्रॉनांचे पृष्ठभाग) आडवी पडलेली दिसतात. ऊर्जा फर्मी पातळीपासून मोजलेली हवी, आणि शेवटचा बिंदू पुन्हा लिहायचा नाही. एक्सक्रिस्डेन या दुसऱ्या चित्र-प्रोग्रॅमच्या बीएक्सएसएफ फाइलीत तो लिहावा लागतो, म्हणून एकाची स्क्रिप्ट दुसऱ्याला चालत नाही.

रंगपट्टी आपोआप ठरू देऊ नका. 0 ते 8 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट हाताने बांधा, म्हणजे वेगवेगळ्या तापमानांची चित्रं शेजारी ठेवता येतात. चिन्ह बदलणारी गॅप असेल तर चिन्ह सोडून नुसतं निरपेक्ष मूल्य रंगवू नका. शून्याला पांढरा देऊन दोन बाजूंना दोन रंग द्या.

चित्राआधी पट्ट्यातल्या गॅपचा हिस्टोग्राम (कोणतं मूल्य किती वेळा येतं त्याचा आलेख) काढा. प्रयोगात सिग्माची गॅप 7 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, पायची (बोरॉनच्या पाय बंधांतल्या इलेक्ट्रॉनांची) 2 ते 3 दिसते. हिस्टोग्राममध्येही असेच दोन वेगळे उंचवटे यायला हवेत. चित्रात निळं दिसतंय आणि हिस्टोग्राममध्ये शून्याजवळ काहीच नाही, तर एफएसथिक वाढवून गणित पुन्हा चालवा.