घरात कुणालाच नाही, मग तुम्हालाच कसं?

लग्नाच्या पंगतीत पोळी नको म्हटलं की शेजारची बाई हमखास विचारते, "आनुवंशिक असतं ना हे? मग तुमच्या भावाला कसं नाही?" तिथे मी "असतं एकेकाचं" म्हणून दहीभातावर भागवते. (वरणही घेत नाही, का ते सांगतेच.) आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मला सेलिअॅक हा आजार आहे. गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठतं. पोट कधी फारसं दुखलं नाही, पण लोहाच्या गोळ्या गिळून गिळून कंटाळले तरी हिमोग्लोबिन काही हलेना. शेवटी रक्तात टीटीजी अँटिबॉडी (या आजारात शरीर स्वतःविरुद्धच बनवतं ती प्रतिद्रव्यं) सापडल्या, आतड्याचा तुकडा तपासला आणि उलगडा झाला: दुखावलेलं आतडं लोह शोषूनच घेत नव्हतं.

एचएलए या रोगप्रतिकाराच्या जनुकांचे डीक्यू२ आणि डीक्यू८ असे दोन प्रकार आहेत, त्यांपैकी एक तरी अंगात असल्याशिवाय हा आजार जवळजवळ होतच नाही. ग्लूटेन पुरतं पचत नाही, तुकडे उरतात. डीक्यू२ जनुकावरून बनणारं प्रथिन हे तुकडे घट्ट धरून रोगप्रतिकारक पेशींना दाखवतं, आणि त्या चवताळतात. पण हे जनुक काही दुर्मीळ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात सुमारे ३८ टक्के आणि दक्षिणेत ३६ टक्के लोकांत यांपैकी एखादं निघालं. आजार मात्र उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के! फरक ताटात होता: उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५. माझी आजी आयुष्यभर ज्वारीची भाकरी खायची, पोळी फक्त सणावारी. तिच्यात ते जनुक होतं की नव्हतं, कळायची वेळच आली नाही.

पण नुसत्या गव्हावरही सगळं ढकलता येत नाही. भावाची तपासणी करून घेतली, कारण सख्ख्या नात्यात साधारण दहांत एकाला निघतो. त्याच्यातही डीक्यू२ आहे. एकाच तव्यावरच्या पोळ्या खाऊन आम्ही वाढलो, आणि तो आजही चार पोळ्या हाणून ढेकर देतो. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला असून दुसऱ्याला नाही, असं होतं. या आजाराशी जोडलेल्या, एचएलएबाहेरच्या चाळीसहून जास्त जागा आपल्या डीएनएत सापडल्यात, पण एकेकीचा वाटा चिमूटभर. आईने तपासणीला साफ नकार दिला: "या वयात मला पोळी सोडायला लावू नका." तुम्हाला करायची असेल तर आधी पोळी सोडू नका बरं का, अँटिबॉडी उतरतात आणि रिपोर्ट फसवतो.

आता वरणाचं. बाजारातल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. वहिनीने माझ्यासाठी तांदळाच्या पिठातल्या हिंगाची वेगळी डबी ठेवलीय, झाकणावर माझं नाव. कणकेच्या हाताने ती उघडली म्हणून परवा भावाने तिचा ओरडा खाल्ला.