मृतसाठ्यावर जगणारी दोघे

मे महिन्यात सोलापुरात भिंती निवायला रात्रीचे दहा वाजतात, त्यामुळे आमच्याकडे चित्रपट लावायची वेळ ठरलेलीच आहे. गेल्या शनिवारी ‘द रोड’ लावला. कॉरमॅक मॅकार्थी यांच्या २००६ सालच्या कादंबरीवरून जॉन हिलकोट यांनी २००९ साली केलेला हा चित्रपट मी पूर्वी एकदा पाहिला होता. या वेळी आई शेजारी बसली होती, आणि तिच्यामुळे तो मला वेगळाच दिसला.

जग का संपले, हे चित्रपट सांगत नाही. मध्यरात्री खिडकीबाहेर आगीचा उजेड दिसतो, बाप उठतो आणि बायकोशी काही बोलण्याआधीच न्हाणीघरातला टब भरायला घेतो. हा प्रसंग सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात नळाची सूं सूं ऐकू आली की आधी हात भांड्याकडे जातो, बोलणे नंतर. पिंप, घागरी, बादल्या भरून झाल्या की शेवटी दुधाचे पातेलेही नळाखाली जाते.

पुढे काही वर्षांनंतरची कथा आहे. मुलाची आई अंधारात निघून गेली आहे आणि बाप-लेक एका ढकलगाडीत होते नव्हते ते भरून दक्षिणेला, समुद्राकडे चालले आहेत. जवळ एक पिस्तूल आणि मोजक्या गोळ्या, त्याही स्वतःसाठी राखलेल्या. वाटेत माणसे खाणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांच्याविषयी फार लिहीत नाही, कारण मला भीती वाटली ती त्यांची नव्हे. त्या जगात काहीच उगवत नाही, ही गोष्ट जास्त घाबरवणारी आहे. झाडे वठून उन्मळून पडतात, आणि खायला मिळते ते केवळ मेलेल्या माणसांनी कधीकाळी डब्यात बंद करून ठेवलेले. उजनी ‘मायनस’मध्ये गेल्याची बातमी आम्ही दर उन्हाळ्याकडे वाचतो. ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे एरवी वापरात न धरलेल्या तळच्या साठ्यात मोजले जाते, त्यामुळे आकडा उणे झाला तरी तळाशी पाणी असते आणि जूनकडे डोळे लावून ते उपसता येते. ही दोघे साऱ्या जगाच्या मृतसाठ्यावर जगत आहेत, आणि त्यांच्या पंचांगात जून नाही.

बापाला एका अंगणात जमिनीत झाकलेले दार सापडते आणि खाली फळ्यांवर डबेच डबे दिसतात, तेव्हा आई चटकन म्हणाली, “पेव आहे की रे हे!” तिचे माहेर मंगळवेढ्याकडचे, म्हणजे ज्वारीच्या कोठारातले, आणि पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते, कोंडलेली हवा माणसाला मारते, असेही तिने पडद्यावरच्या बापाला बजावले. जेवण्याआधी तो मुलगा हात जोडून, ज्यांनी हे साठवले त्या अनोळखी माणसांचे आभार मानतो. ‘अन्नदाता सुखी भव’ त्याला कुणी शिकवलेले नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठार लोकांना खुले केले, ती कथा आईने लहानपणी आम्हाला शंभर वेळा तरी सांगितली असेल. चित्रपटातला बाप दामाजी होऊ शकत नाही. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला एक डबा द्यायचा तर मुलाला बापाशी हुज्जत घालावी लागते. गाडी पळवणाऱ्या चोराला तर बाप अंगावरच्या कपड्यांसकट लुबाडतो आणि मुलगा रडत राहतो. मला या प्रसंगात बापाचा राग आला नाही. मुलाचे पोट भरण्याची जबाबदारी एकट्यावर पडली की माणूस असाच होत असावा.

आईने १९७२ च्या दुष्काळात, बारा-तेरा वर्षांची असताना, दुष्काळी कामावर खडी फोडली आहे. मुकादम हजेरीचे मस्टर काढून एकेकाचे नाव पुकारायचा, सुकडी म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा, तो आजी पदराच्या गाठीत बांधून धाकट्यांसाठी घरी आणायची, आणि रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी असायची, जिच्या भाकरीला चव नव्हती. हाल झाले, पण कुठेतरी पलीकडे धान्य होते, ते जहाजात भरणारे कुणी होते आणि तुमचे नाव कागदावर होते. चित्रपटात अमेरिकाच राख झाली आहे. बाप-लेक समुद्रावर पोहोचतात तेव्हा पाणीसुद्धा करडेच असते आणि दिसणारे जहाज ओसाड असते.

व्हिगो मॉर्टेन्सन यांनी बापाचे खंगलेले शरीर आणि त्याहून खंगलेला विश्वास विलक्षण दाखवला आहे. मुलाच्या भूमिकेतले कोडी स्मिट-मॅकफी तर त्यांच्यावरही कडी करतात. निवेदन मात्र जागोजागी खटकले, कारण चेहऱ्यावर दिसणारे पुन्हा कानात सांगायची गरज नव्हती.

शेवटी एक अनोळखी कुटुंब मुलाला आपल्यात घेते. बरोबर कुत्राही आहे. मी गप्प होतो. आईने विचारले, “कुठले म्हणायचे हे? नाव काय त्यांचं?”

नाव सांगितलेले नाही, असे मी म्हणालो. ते तिला अजिबात पटले नाही. “पोरगं हवाली करताना नाव तरी विचारावं की,” म्हणत ती उठली आणि पिंपावरचे झाकण नीट बसले आहे का ते पाहायला गेली.