तुम्ही विचारलंत म्हणून: विश्वासाने तारण, मग सत्कर्मं कशाला?

ठाण्यात नाताळचा फराळ शेजारी पोचवला की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्या ख्रिस्ती लोकांत म्हणे नुसता विश्वास ठेवला की तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळतं. मग माणूस कसाही वागला तरी चालतं का?"

चालत नाही. पण का चालत नाही, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढा, वचनं ८ ते १०. आमच्यात बहुतेकांना आठवं आणि नववं पाठ असतं: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांची कमाई नव्हे, म्हणून कुणी फुशारकी मारू नये. वाचणारा इथे थांबतो आणि सगळा घोळ इथेच होतो. दहावं वचन सांगतं की देवाने आधीच नेमून ठेवलेली सत्कृत्यं करण्यासाठी आपल्याला ख्रिस्तात नव्याने घडवलं आहे. सत्कर्मं कुठे गेलेली नाहीत. ती तारणानंतर येतात, एवढंच.

हा क्रम पौल यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या आयुष्यावरून दाखवतो. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात अब्राहाम देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि देव त्याला नीतिमान गणतो. सुंता होते १७ व्या अध्यायात, तेव्हा तो ९९ वर्षांचा आहे. मधल्या अध्यायात त्याचा मुलगा इश्माएल जन्मतो, तेव्हा त्याचं वय ८६. म्हणजे देवाने त्याला पदरात घेतल्यावर किमान १३ वर्षांनी त्याच्या अंगावर धर्माची खूण आली. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाचा सारा जोर या अंतरावर आहे.

मग बायबलमधलंच याकोबाचं पत्र पुढे केलं जातं. माणूस नुसत्या विश्वासाने नाही, कर्मांनी नीतिमान ठरतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मात्र याकोब बोट ठेवतो ते उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायावर, अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघतो त्या प्रसंगावर, म्हणजे विश्वासाचं वचन होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी. पौलापुढे उभा आहे तो कर्मांच्या बळावर देवाकडून हक्काने मागणारा माणूस. याकोबापुढचा माणूस वेगळा: अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही अशा भावाला तो "सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव" म्हणतो आणि हातावर काहीच ठेवत नाही. अशा माणसाच्या विश्वासाला याकोब मेलेला म्हणतो, आणि पौलानेही त्याची बाजू घेतली नसती.

आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान तिसरीच चूक करते: विश्वासालाच कर्म बनवणं. आजार बरा झाला नाही की "तुझा विश्वास कमी पडला" असं आजाऱ्यालाच ऐकवलं जातं. हे क्रूर आहे आणि शिकवणीच्या अगदी उलटं आहे. कळव्याच्या खाडीपुलावरून कुणी धास्तावत जातो, कुणी बिनघोर. दोघांनाही पेलतो तो पूलच. तारणारा ख्रिस्त आहे, आपल्या विश्वासाचा जोर नव्हे.

म्हणून अखेरच्या आजारात पडलेलं माणूस "उपास झाले नाहीत, मंडळीला फारसं देता आलं नाही" असा हिशेब काढू लागलं, की त्याला "तुम्ही खूप चांगलं केलंत" असं म्हणू नये. त्याचा हिशेब त्याने आणखी वाढतो. "विश्वास पक्का आहे ना?" हेही विचारू नये. लूकच्या २३ व्या अध्यायातली ३९ ते ४३ वचनं सावकाश वाचावीत. वधस्तंभावरच्या त्या गुन्हेगाराचे हातपाय जखडलेले आहेत. चूक भरून काढायला त्याच्याकडे एक दिवसही उरलेला नाही. तो शेजारी खिळलेल्या येशूला फक्त आठवण ठेवायला सांगतो, आणि उत्तर येतं ते "आज" असं: आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मग रोमकरांस ८:१, म्हणजे ख्रिस्तात असणाऱ्यांना आता दंडाज्ञा नाही हे वचन, वाचावं आणि गप्प बसावं.

या शिकवणीने सेवेचीही दिशा बदलते. पुण्य जमवायला तांदूळ वाटले तर गरीब माणूस माझ्या चढणीची पायरी ठरतो. माझा हिशेब ख्रिस्ताने आधीच चुकता केला असेल, तर ते तांदूळ निव्वळ त्याच्या भुकेसाठी असतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. विधवांसाठी शारदा सदन त्यांनी १८८९ मध्ये काढलं. तारण निव्वळ विश्वासाने आहे हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी उमगलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावी आणलं. कामं आधीही होती, नंतरही होती. ती करणारीला त्यांच्या बळावर देवापुढे उभं राहायचं नव्हतं, एवढाच फरक पडला, आणि तो फार मोठा आहे.

तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये, म्हणजे कॅथलिकांत, "कर्मांनी तारण" शिकवतात, असंही बरेच जण समजतात. तसं नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४७ मध्ये "केवळ विश्वासाने" या मताला विरोध केला हे खरं. पण त्याच ठरावांतला पहिलाच नियम कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो, हे मत फेटाळतो. विश्वास आणि प्रीती यांचं नातं कसं सांगायचं, नीतिमत्त्व गणलं जातं की आत घडवलंही जातं, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात वाद होता, आणि तो किरकोळ नव्हता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला लुथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, कृपेनेच देव आपल्याला स्वीकारतो. मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाने २००६ मध्ये त्याला संमती दिली. काही मुद्दे अजून सुटलेले नाहीत.

स्वतः वाचून पाहायचं असेल तर गलतीकरांस पत्रापासून सुरुवात करा. सहाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. नंतर रोमकरांस तीन आणि चार. याकोब त्यानंतर, आणि तोही सलग पाचही अध्याय. दुसऱ्या अध्यायातलं एकच वचन उचलून नको.