पार्किंगची खोदाई आणि मधे आलेली ड्रेनेज लाइन

दोन बिऱ्हाडांचं भाड्याचं घर, पुढच्या अंगणात एका गाडीची जागा करायची होती. आखणी ३ मीटर बाय साडेपाच मीटर घेतली. अडीच मीटरमध्ये गाडी बसते, पण एका बाजूला भिंत असली की दार पुरतं उघडत नाही. फुटपाथची कड उतरवायची परवानगी मालकांनी आधीच काढली होती. त्याशिवाय कुदळ मारूच नये.

८ सेंमीचा पेव्हर ब्लॉक, खाली ३ सेंमी कच (दगडाची बारीक चुरी), त्याखाली १५ सेंमी खडी. म्हणजे २६ सेंमी खोदाई. ती संपत आली आणि टिकाव पाइपला घासून गेला. ११० मिमीची ड्रेनेज लाइन, जमिनीखाली जेमतेम ३० सेंमीवर, जागेच्या मधोमध आडवी. नकाशात तिचा पत्ता नव्हता.

लाइन खाली घेता येईना. रस्त्याकडच्या चेंबरची पातळी ठरलेली. पाइप उतरवला की उतार मरतो आणि मैला साचतो. तसाच ठेवून वर खडी ठोकली तर चाकाखाली सांधा निसटणार. मिस्त्री म्हणाले, "पाइपाभोवती काँक्रीट ओतून टाकू." मी नको म्हटलं. जमीन जरा खचली की असं काँक्रीट तडकतं आणि पाइपही सोबत चिरतो, शिवाय दुरुस्तीला सगळं फोडावं लागतं. त्याऐवजी पाइपाभोवती आणि वर कच भरून १० सेंमीचा आरसीसी स्लॅब टाकला, चराच्या दोन्ही बाजूंना ३०-३० सेंमी पक्क्या, न हललेल्या जमिनीवर टेकलेला. भार कडांवर जातो. सळई ८ मिमी, १५ सेंमी अंतराने, जाळी तळाशी. वरच्या अंगाला राहिली तर तिचा उपयोग शून्य. स्लॅब खडीच्या थरातच मावला, खोदाई वाढली नाही.

चेंबरचं झाकण ए १५ होतं, म्हणजे पायी माणसांपुरतं. गाडीखाली तिचा भार पेलणारं बी १२५ बसवलं.

बाकीचं काम नेहमीचं. खडी दोन थरांत, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. एकदम १५ सेंमी टाकली तर खालची पोकळ राहते. उतार घरापासून दूर, ६० ला १, म्हणजे लांबीभर सुमारे ९ सेंमी. ब्लॉकची पातळी डीपीसीच्या (भिंतीत ओल वर चढू न देणारा थर) १५ सेंमी खाली, नाहीतर भिंतीला ओल. कडेचे कर्ब काँक्रीटमध्ये बसवले, कारण वळणारं चाक ब्लॉक बाहेर ढकलतं.

स्लॅबवर ७ दिवस पाणी मारलं. तोवर भाडेकरूंच्या ये-जा करण्यासाठी फळ्या टाकल्या. शेवटी ब्लॉकच्या सांध्यांत बारीक वाळू झाडून भरली. पावसाने ती खाली बसते, तेव्हा पुन्हा भरावी लागते.