स्फोटातला हिरा टिकतो कसा?

कार्बनविषयी बोलून झाले की श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते, ‘स्फोटात तर सगळे जळून खाक होते, मग त्याच स्फोटात हिरे कसे तयार होतात?’ प्रश्न रास्त आहे, आणि ‘प्रचंड दाब आणि प्रचंड तापमान’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे मला पटत नाही, कारण यात हिरा घडण्यापेक्षा तो टिकणे अधिक अवघड आहे.

आधी जळण्याचे पाहू. टीएनटी या स्फोटकाच्या एका रेणूत कार्बनचे ७, हायड्रोजनचे ५, नायट्रोजनचे ३ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हे स्फोटक बंद पोलादी कक्षात, बाहेरची हवा जवळपास नसताना उडवले, तर त्याला स्वतःजवळच्या ऑक्सिजनवरच भागवावे लागते. त्यातला काही हायड्रोजनशी संयोग पावून पाणी होतो, काही कार्बनच्या दोन ऑक्साइडांत जातो आणि बराचसा कार्बन जळायचा राहून जातो. हिरा घडतो तो या शिलकीतून. मात्र नुसत्या टीएनटीने दाब हवा तेवढा चढत नाही, म्हणून त्यात अधिक जोरकस आरडीएक्स मिसळतात.

स्फोटलहर या मिश्रणातून सेकंदाला ७ ते ८ किलोमीटर वेगाने धावते आणि तिच्यामागे साधारण २० ते ३० गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दोन ते तीन लाख पट दाब आणि ३,००० केल्व्हिनच्या पुढचे तापमान निर्माण होते. या परिस्थितीत कार्बनचे स्थिर रूप ग्राफाइट नसून हिरा असते, त्यामुळे सुटे झालेले अणू एकत्र येऊन हिऱ्याची जाळी रचू लागतात. पण ही स्थिती जेमतेम एखाद-दुसरा मायक्रोसेकंद टिकते. कण वाढायला सवडच मिळत नाही आणि तो सुमारे ४ ते ५ नॅनोमीटरवर थांबतो. एवढ्या कणात दहा हजारांच्या आसपास अणू असतात आणि त्यांतले बरेच पृष्ठभागावरच असतात.

खरी कसोटी यानंतर सुरू होते. दाब क्षणार्धात ओसरतो, तापमान मात्र त्या वेगाने उतरत नाही. दाब गेलेला आणि उष्णता शिल्लक, ही हिऱ्याच्या दृष्टीने सर्वांत घातक अवस्था होय, कारण तिथे ग्राफाइट स्थिर असते आणि अणूंना हलण्याइतकी ऊर्जाही असते. तयार झालेला हिरा मग वरच्या थरापासून ग्राफाइटमध्ये उलटू लागतो. (निर्वातात तापवलेल्या अशा कणांचे कांद्यासारखे एकात एक पापुद्रे होतात, आणि त्यांना खरोखरच ‘कार्बन कांदे’ म्हणतात.) म्हणून कक्षात निष्क्रिय वायू भरतात किंवा स्फोटकाभोवती पाणी अथवा बर्फ ठेवतात. बर्फाने हिरा वाचवावा, ही मला या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. थंडावा चांगला साधला तर उरलेल्या काजळीत अर्ध्याहून अधिक हिरा सापडतो. तो हुकला तर हाती बहुतांशी बिनहिऱ्याची काजळीच लागते.

ही काजळी तीव्र आम्लांत उकळून ग्राफाइट आणि कक्षातून आलेले धातूचे अंश काढून टाकावे लागतात.

हे कण प्रथम १९६३ मध्ये सोव्हिएत संघात, अण्वस्त्रांशी संबंधित संशोधन करणाऱ्या संस्थेत आढळले, आणि गुप्ततेमुळे ती माहिती दीर्घकाळ बाहेर आली नाही. स्फोटाच्या काजळीतल्या हिऱ्यांविषयीचा अमेरिकी शास्त्रज्ञांचा लेख ‘नेचर’मध्ये १९८८ साली आला. त्याआधी, १९६१ मध्ये, डीकार्ली आणि जेमिसन या शास्त्रज्ञांनी आघातलहरीने ग्राफाइटचाच हिरा करून दाखवला होता. तिथे ग्राफाइट आधीपासून हजर असते, इथे मात्र कार्बन स्फोटकाच्या रेणूतूनच येतो.

या उत्तरानंतर बहुधा दुसरा प्रश्न येतो, की हे हिरे अंगठीत बसवता येतील का. येणार नाहीत, ते दिसायला राखेच्या रंगाच्या भुकटीसारखे असतात आणि एकमेकांना इतके घट्ट चिकटतात, की त्यांना सुटे करणे हेच वेगळे संशोधन होऊन बसले आहे.