आईचा खुबा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

आईचा गुडघा दुखतो आहे, असे आम्ही दीड वर्ष समजत होतो. तेल, शेक, पट्टा सगळे झाले. पण एके दिवशी तिला जोडवी काढायला पायापर्यंत हात नेता येईना, आणि नेमके कुठे दुखते असे विचारल्यावर तिने जांघेवर बोट ठेवले. खुब्याचे दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते, हे मला तेव्हा कळले. एक्स-रेवर मांडीच्या हाडाचा गोळा आणि उखळी यांच्यामध्ये जी काळी फट दिसायला हवी, ती डाव्या बाजूला जवळजवळ नाहीशी झाली होती.

सांधा न बदलता काही लहान शस्त्रक्रिया होणार नाही का, हा माझा पहिला प्रश्न होता. रक्तपुरवठा तुटून गोळा मरू लागला असेल, तर तो खचण्यापूर्वी हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करता येतो; तरुण वयात उखळी जन्मतः उथळ असेल, तर हाड कापून तिची दिशा बदलता येते. मात्र हे दोन्ही उपाय कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचे गुळगुळीत आवरण, शाबूत असेपर्यंतचे आहेत आणि आईची कूर्चा झिजून गेली होती. गोळा न काढता त्यावर धातूची टोपी आणि उखळीत धातूची वाटी बसवण्याची पद्धतही आहे, पण धातूवर धातू घासून सुटणाऱ्या कणांमुळे आणि स्त्रियांमधील कमी यशामुळे तिचा वापर आता फार मर्यादित झाला आहे.

राहिले संपूर्ण सांधेरोपण. इंग्लंडमध्ये अस्थिशल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये धातूचा लहान गोळा, पॉलिथिलीन या प्लास्टिकची वाटी आणि हे भाग हाडात पक्के बसवणारे सिमेंट यांची जी जुळणी रुजवली, तिच्यावरच आजची शस्त्रक्रिया उभी आहे. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे 58 टक्के कृत्रिम खुबे 25 वर्षे टिकतात. आईचे वय 68 आहे. म्हणून हा आकडा मला मोठा आधार वाटला. चाळिशीतल्या रुग्णाने मात्र पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते हे धरूनच निर्णय घ्यावा, असे मला वाटते.

आईला आकड्यांशी कर्तव्य नव्हते. “मला मांडी घालून पूजेला बसता येईल का?” एवढेच तिने विचारले. सुरुवातीचे काही आठवडे तरी खाली बसायचे नाही, फार वाकायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कारण स्नायू भरून येण्याआधी गोळा वाटीतून निसटू शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले; पुढचे तपासणीनंतर ठरेल. घरी आल्यावर तिने स्वतःच देव्हारा भिंतीवरच्या फळीवर, उभ्याने हात पोहोचेल इतक्या उंचीवर बसवून घेतला आणि मला तारीख ठरवायला सांगितले.