चातीनो टिकली कशी? तुम्ही विचारलंत म्हणून

भाषांवर बोलताना मी चातीनोचं नाव काढलं की एक प्रश्न ठरलेला असतो. जेमतेम पन्नास हजारांची भाषा, पाचशे वर्षं स्पॅनिश डोक्यावर बसलेली, मग ती मेली कशी नाही?

विचारणाऱ्याला बहुधा 'डोंगर' हे उत्तर हवं असतं. डोंगर आहेतच. मेक्सिकोच्या वाहाका राज्यात, पॅसिफिक किनाऱ्यामागच्या सिएरा माद्रे देल सुरच्या उतारांवर चातीनोंची गावं आहेत. पण त्या डोंगरांनी अडवलं कुणाला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉफीचे मळे आले आणि गावांच्या जमिनी गेल्या. १८९६मध्ये चातीनो लोक हुकिला या तिथल्या मुख्य गावावर चालून गेले. पांढरा सुती पेहराव सोडून विजारी घाला, असा हुकूमही त्याच धामधुमीतला, म्हणून त्या उठावाला 'विजारींचं युद्ध' म्हणतात. त्याच हुकिलाला आज मारियामातेच्या दर्शनासाठी मेक्सिकोभरातून यात्रेकरू लोटतात. एकांत वगैरे काही नाही.

मला विचाराल तर भाषेला तिथे काम उरलं, म्हणून ती उरली. सान हुआन कियाइहे हे गाव घ्या. कारभारी पक्षांच्या तिकिटावर येत नाहीत, गावसभा त्यांना नेमते. निरोप्या-शिपायापासून सुरुवात करून माणूस एकेक पायरी चढतो, तेही पगाराविना. आणि कारभार सोपवताना जी भाषणं होतात ती चातीनोत. एकच गोष्ट किंचित शब्द बदलून पुन्हा म्हणायची, जोडीजोडीने अर्थ दाट करत न्यायचा, अशी त्यांची धाटणी. चांगलं बोलणाऱ्याला मान मिळतो. पोराने भाषा शिकायला याहून सबळ कारण कोणतं हवं?

या भाषणांचा अभ्यास केला इलारिया क्रूझ यांनी. त्या आणि त्यांची बहीण एमिलियाना याच परिसरातल्या. दोघींनी टेक्सस विद्यापीठातून ऑस्टिनला डॉक्टरेट मिळवली आणि तिथले भाषाशास्त्रज्ञ अँथनी वुडबरी यांच्यासोबत चातीनो भाषा नोंदवून ठेवण्याचा प्रकल्प चालवला. काम किचकट होतं, कारण कियाइहेच्या बोलीत दहाहून अधिक सूर आहेत, म्हणजे आवाज चढला-उतरला की शब्दाचा अर्थच बदलतो. पंजाबी 'घोडा' नीट ऐकलात तर 'घ'चा महाप्राण जाऊन तिथे सूर आलेला कळेल. इथे मात्र व्याकरणच सुरांवर चालतं. 'तू' हा कर्ता क्रियापदाच्या सुरावरून ओळखायचा. स्पॅनिश मुळाक्षरांत यासाठी काहीच सोय नव्हती, म्हणून शब्दाच्या शेवटी, किंचित वर बारीक अक्षरं लिहून सूर दाखवायची पद्धत आली. बाहेरच्या अभ्यासकाला हे सूर नुसते ऐकून वेगळे करायलाच वर्षं लागतात.

जाता जाता आणखी एक: कियाइहेत मूकबधिर माणसं आणि त्यांच्या घरच्यांनी आपली खुणांची भाषाही घडवली आहे. लिन हाउ आणि केट मेश या अभ्यासकांनी तिच्यावर काम केलंय. मला ती सुरांइतकीच विलक्षण वाटते, पण तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

अर्थात 'टिकली' हे उत्तर सरसकट देता येत नाही. चातीनो ही खरं तर तीन भाषांची शाखा. पूर्वेकडची दणकट आहे, सेनसोनतेपेकची बऱ्यापैकी. तातालतेपेकची मात्र काहीशे लोकांपुरती उरलीय आणि तेही बहुतेक वयस्कर. कियाइहेतलीही तरणी पोरं मजुरीसाठी अमेरिका गाठतात. बिनपगारी पदं सांभाळायला त्यांतली किती परत येतील, यावर पुढचं बरंच ठरेल.